दहापैकी दहा

त्रिविक्रमरावांचं काहीतरी बिनसलंय, हे वसुमतीला पहिल्यांदा कळलं ते नात्यातल्या विराटच्या लग्नात, पानावरची कोसंबरी खाताना.

भिजवलेल्या मूगडाळीची ती कोशिंबीर सकाळपासून पातेल्यात पडून आंबली होती. वसुमतीने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. आता ते वाढप्याला थांबवतील, डाळ कधी भिजवली हे विचारतील, स्वयंपाक्याला बाहेर बोलावतील आणि वधूपक्षाच्या समोर त्याचा यथासांग पाणउतारा करतील, अशी तिची खात्री होती. खरं सांगायचं तर ती त्यासाठी सावरूनच बसली होती. पण त्रिविक्रमरावांनी घास गिळला, हसले आणि वाढप्याला म्हणाले, "छान आहे. आणखी स्वल्प वाढा."

छान हा शब्द वसुमतीने छत्तीस वर्षांच्या संसारात त्या तोंडून ऐकला नव्हता. बेंगळूरुच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्रिविक्रमरावांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. कामगारांनी घडवलेला प्रत्येक सुटा भाग मोजून पाहायचा आणि केसभर कमीजास्त असला तर बाजूला फेकायचा, हे त्यांचं काम. वसुमतीने तितकीच वर्षं अकरावी-बारावीच्या पी. यू. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि पोत्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या. लोकांची लग्नं पत्रिका जुळवून होतात. यांची जुळली ती दोघांनाही जगातलं काहीच पसंत पडत नव्हतं म्हणून.

कुठलाही समारंभ आटोपून जे. पी. नगरच्या घरी परतलं, की आधी कॉफी आणि मग पंचनामा, असा त्यांचा नेम होता. जेवण, यजमान, भाषणं, नवऱ्या मुलाची अक्कल, सगळ्यांना दहापैकी गुण मिळत. वसुमती मास्तरीण असल्यामुळे कधीमधी अर्धा गुण दयेचा द्यायची. त्रिविक्रमराव दयेला नापास करायचे. "नियमात बसत नाही," एवढंच म्हणायचे. मग त्या अर्ध्या गुणावरून वाद पेटायचा आणि कॉफी थंड व्हायची. त्यांचं एकमत कधीच झालं नाही आणि ते व्हावं असं दोघांनाही वाटलं नाही. वसुमतीच्या स्वतःच्या स्वयंपाकाला साडेसहाच्या वर गुण मिळाल्याची नोंद नव्हती. इतर बायका नवऱ्यांनी केलेल्या कौतुकाच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा तिला त्या बायकांची कीव यायची. बिनमोजल्या कौतुकाची तिला किंमतच नव्हती.

लग्नाहून आल्यावर तिने कॉफी केली आणि विचारलं, "कोसंबरीला किती?"

"दहा," त्रिविक्रमराव म्हणाले.

वसुमती शास्त्र शिकवलेली बाई. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणं तिला मंजूर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने आमटीत मीठ दुप्पट घातलं. दहा गुण. तिसऱ्या दिवशी आमटी मुद्दाम तळाला लावली, इतकी की शेजारच्या बाईने येऊन विचारलं. दहा गुण. चौथ्या दिवशी तिने मीठ घातलंच नाही, चिंच घातली नाही, नुसती हळद घातलेली डाळ ताटात ओतली. त्रिविक्रमराव शेवटचा थेंब पुसून खाऊन म्हणाले, "वसू, तुझ्या हाताला चव आहे." वसुमती स्वयंपाकघरात गेली आणि सिंकपाशी उभी राहून रडली. इतका भिकारी शेरा तिला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

मग बाकीच्याही गोष्टी तिच्या लक्षात येऊ लागल्या. वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनने गोल करायची त्यांची सवय सुटली होती. तोच शर्ट तीन-तीन दिवस अंगावर राहायचा. रिक्षावाल्याशी भांडण नाही, दूधवाल्याला टोमणा नाही. जन्मभर गोडाला हात न लावणारा माणूस आता साखरेचा डबा शोधून चमच्याने खायचा. ती तापाने फणफणून पडली तर ते शेजारच्या खोलीत बसून टीव्हीवर चाललेल्या साबणाच्या जाहिरातीला हसत होते. आणि काहीही म्हटलं तरी उत्तर एकच. गॅस संपला, परवागिल्ल. नळ गळतोय, परवागिल्ल. कन्नडमधला हा शब्द बेंगळूरुत पावलोपावली ऐकू येतो, चालायचंच, हरकत नाही अशा अर्थाने. त्रिविक्रमरावांना तो शब्द औषधालाही सहन होत नसे. या शहराची वाट याच एका शब्दाने लावली, असं ते म्हणायचे.

हे सगळं तिने नणंदेला सांगितलं, हीच तिची चूक झाली.

सगुणाबाई त्रिविक्रमरावांहून आठ वर्षांनी मोठ्या. आपलं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलं, हे त्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत. आनेकलच्या पलीकडे एका स्वामींचा आश्रम होता, तिथे त्यांनी ऑक्टोबरात भावाला तीन दिवसांच्या शिबिराला ओढून नेलं होतं. तिथे तो दोन दिवस झोपला होता आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून परत आला होता. पण सगुणाबाईंना तेवढं पुरलं.

"अगं, स्वामींनी राग काढून घेतला त्याचा," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते की नाही?"

"अक्का, राग म्हणजे काय दाताची कीड आहे, काढून घ्यायला?"

"तुला चांगलं बघवतच नाही बघ, वसुमती. तू पण एकदा ये शिबिराला."

झालं. सगुणाबाईंनी गावभर डांगोरा पिटला. दर गुरुवारी दोन-चार बायका चमत्कार पाहायला येऊ लागल्या. त्रिविक्रमराव दिवाणखान्यात बसून हसायचे, बायका हात जोडायच्या. पलीकडच्या गल्लीतली एक बाई तर आपल्या खवीस नवऱ्याला घेऊन आली आणि त्याला त्रिविक्रमरावांसमोर बसवून म्हणाली, "बघा जरा यांच्याकडे." तो नवरा चहा पिऊन, चहाला नावं ठेवून निघून गेला. वसुमतीला तो एकटाच आवडला. ती त्याला दारापर्यंत पोचवायला गेली.

घरच्या डॉक्टरांकडे, रघुनंदन यांच्याकडे, ती नवऱ्याला घेऊन गेली तर त्यांनी रक्तदाब घेतला, जीभ पाहिली आणि विचारलं, "तक्रार काय म्हणालात?"

"हे तक्रार करत नाहीत, ही तक्रार."

डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "अहो वहिनी, माझ्या बायकोला तुमचा पत्ता देऊ नका हं. मलाही हाच आजार व्हावा असं तिला वाटेल." वसुमतीने त्या विनोदाला मनातल्या मनात शून्य दिलं आणि त्यांच्याकडून मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहूनच घेतली.

मेंदूच्या डॉक्टर दिव्यश्री तिच्या लेकीच्या, संहिताच्या वयाच्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्रिविक्रमरावांना चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, एका मिनिटात जमतील तितक्या भाज्यांची नावं विचारली. त्रिविक्रमरावांनी चार भाज्या सांगितल्या आणि खुशीत थांबले. मग डॉक्टरांनी वसुमतीला विचारलं, "हे शेवटचे कधी चिडले होते?"

"चौदा सप्टेंबर," वसुमती म्हणाली. "गणपतीच्या मांडवात. माइकवाल्यावर."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. एवढ्यासाठीच वसुमतीला त्या मुलीबद्दल माया वाटली. त्यांनी साधं करून सांगितलं. मेंदूचा पुढचा भाग माणसाचा स्वभाव सांभाळतो. तिथे एखादी गाठ वाढून दाबत असेल तरी असं होतं. ती बहुधा काढता येते आणि माणूस बराचसा पूर्वीसारखा होतो. नाहीतर तो भाग आपणहून झिजत असतो. "झिजत असेल तर?" वसुमतीने विचारलं. "तर ते थांबवायचं औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी स्कॅन करू. सोमवारी या, सगळं एकत्र बघून सांगते."

स्कॅन शुक्रवारी झालं. शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांत वसुमतीने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. देवघरातल्या देवांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. इतकी वर्षं हळदीकुंकू खाऊन एकानेही धड काम केलं नव्हतं. तरी ती हात जोडून उभी राहिली. अख्खं जग गाठ नसू दे म्हणून नवस बोलतं. वसुमती म्हणाली, "गाठ असू दे. लिंबाएवढी असू दे, पेरूएवढी असू दे, पण गाठच असू दे." मग तिने डोळे उघडून देवांकडे पाहिलं. देवांचा चेहराही परवागिल्ल म्हणाल्यासारखाच होता.

संहिता कोरमंगलाहून रोज फोन करायची. "अम्मा, पॉझिटिव्ह राहा," म्हणायची. लेकीच्या कंपनीत हा शब्द भिंतीवर रंगवलेला होता, तिथून तो तिच्या तोंडात आला होता. "मी परीक्षक आहे," वसुमती म्हणाली, "पेपर पाहिल्याशिवाय गुण देत नाही." फोन ठेवल्यावर मात्र आपण पोरीवर उगाच खेकसलो म्हणून तिला वाईट वाटलं.

आणि या चार दिवसांच्या मधोमध, रविवारी, सत्कार होता.

दक्षिण बेंगळूरु मराठी बांधव मंडळाचे सचिव पद्माकर यांनी एक नाटक लिहिलं होतं. साडेतीन तासांचं, स्वतःच्या खापरपणजोबांवर, सगळं पद्यात. बारा वर्षं ते हे नाटक वार्षिक समारंभात घालू पाहत होते आणि बारा वर्षं त्रिविक्रमराव कार्यकारिणीत एकटे उभे राहून ते पाडत होते. यंदा पद्माकरांनी भीत भीत विषय काढला तेव्हा त्रिविक्रमराव म्हणाले, "होऊन जाऊ दे की. छान आहे." पद्माकरांना आधी छातीत कळ आल्यासारखं झालं. मग त्यांनी विचार केला आणि महिन्याभरात त्रिविक्रमरावांना मंडळाचं अध्यक्ष करून टाकलं. एरवी कुत्रंसुद्धा ज्यांच्या वाटेला जात नव्हतं, ते त्रिविक्रमराव बिनविरोध निवडून आले. बुद्धी शाबूत असताना या माणसाला कुणी शाल दिली नव्हती. ती जायला लागल्यावर दिली.

"पद्माकर, यांना बरं नाही," वसुमतीने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. "तपासण्या चालल्यात. सत्कार पुढे ढकला."

"वहिनी, अण्णा तर एकदम फर्स्ट क्लास दिसतात की. काल माझ्याशी तासभर बोलले."

"ते बोलले की तुम्ही बोललात?"

"मी बोललो," पद्माकर म्हणाले, "पण त्यांनी ऐकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, वहिनी. सरी, ठरलं तर, उद्या साडेदहाला या."

तिने नवऱ्याला विचारलं, जायचंय का. त्यांनी हसून मान डोलावली. जायचं नाही म्हटलं तरी त्यांनी तशीच डोलावली असती, हे तिला ठाऊक होतं.

सभागृहात जरीची शाल, चंदनाचा हार आणि म्हैसुरी फेटा त्रिविक्रमरावांवर चढवण्यात आला. फेटा मोठा होता, तो भुवयांवर आला. पूर्वीच्या त्रिविक्रमरावांनी त्या फेट्याचा घेर टेपने मोजून सचिवांना दाखवला असता. पद्माकरांनी मानपत्र वाचलं, तेही पद्यात. वसुमती व्यासपीठावर नवऱ्याच्या शेजारी बसून चुका मोजत होती. वृत्त तर पहिल्याच ओळीत वारलं होतं. तेराव्या चुकीला तिला राहवलं नाही. सवयीने, छत्तीस वर्षांच्या सवयीने, ती नवऱ्याच्या कानाशी वाकून कुजबुजली, "ऐकताय ना? याला किती देणार? मी दीड म्हणते."

तिला उत्तर हवं होतं. दीडसुद्धा जास्त झालं, असं ते म्हणाले असते तर तिने पुढचं साडेतीन तासांचं नाटकही हसत बसून पाहिलं असतं.

त्रिविक्रमराव तिच्याकडे वळले. त्यांच्या पुढ्यात माइक होता. "असं बोलू नये, वसू," ते म्हणाले. "किती प्रेमाने केलंय त्यांनी."

सभागृहाने ते ऐकलं. टाळ्यांचा पाऊस पडला. सगुणाबाई पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, बायकोला शिकवायला हवं होतं कुणीतरी. वसुमती ताठ बसून राहिली. चारशे लोकांपुढे झालेल्या अपमानाचं तिला काही वाटलं नाही, असल्या चारशे जणांच्या मताला तिने कधी हिंगाची किंमत दिली नव्हती. पण जगात तिच्या बाजूने बसणारा एकच माणूस होता आणि तो उठून त्यांच्यात जाऊन बसला होता. ते तिला सोसेना. नाटकाच्या पहिल्या अंकात ती बाहेर पडवीत जाऊन उभी राहिली आणि मनात म्हणाली, गाठ असू दे. पेरूएवढी.

सोमवारी सगुणाबाई हॉस्पिटलात बरोबर आल्या. बोलावलं नव्हतं, तरी आल्या. हातात आश्रमाच्या प्रसादाच्या पेढ्यांचा डबा होता. वसुमतीने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नवऱ्याला घेऊन आत गेली.

डॉक्टर दिव्यश्रींनी पडद्यावर चित्र लावलं. वसुमती त्यात गोल काहीतरी शोधत होती. डाव्या बाजूला शोधलं, उजव्या बाजूला शोधलं.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी पेनच्या टोकाने पुढचा भाग दाखवला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये तिथे काळी जागा पडली होती, सुकलेल्या अक्रोडाभोवती पडते तशी. चाचण्याही तेच सांगत होत्या. हे हळूहळू वाढत जाणार. पुढे बोलणं कमी होईल, नंतर बाकीचंही. झोपेसाठी, खाण्याच्या हव्यासासाठी गोळ्या देता येतील. गेलेलं परत आणता येणार नाही. डॉक्टर कन्नडमध्ये, सावकाश, त्रिविक्रमरावांकडे बघून बोलत होत्या, कारण आजार त्यांचा होता आणि तो जाणून घेणं हा त्यांचा हक्क होता.

त्रिविक्रमरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "परवागिल्ल, डॉक्टर," ते म्हणाले. "छान समजावलंत."

डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. वसुमतीने पाहिलं, त्या काहीच लिहीत नव्हत्या.

बाहेर सगुणाबाई बाकावरून उठल्या. "काय म्हणाली ती?"

"गाठ नाही, अक्का," वसुमती म्हणाली, "पण..."

"नाही ना? मी म्हणतच होते." सगुणाबाईंनी डबा उघडलासुद्धा. समोरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांच्या हातावर त्यांनी पेढे ठेवले. पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याला दिला, पाणी न्यायला आलेल्या नर्सला दिला. "माझ्या भावाला गाठ नाही," त्या सगळ्यांना सांगत होत्या. लोक भले, त्यांनी अभिनंदन केलं.

वसुमतीने त्यांचा दंड धरून बसवलं आणि सगळं सांगितलं. मेंदू झिजतोय. हा त्याचाच परिणाम आहे, स्वामींचा नाही. सगुणाबाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा जरासा उतरला, पण लगेच त्यांनी तो वर घेतला. "स्वभाव गोड होणं हा आजार?" त्या म्हणाल्या. "मग असा आजार सगळ्यांना होऊ दे. तू सुम्मने, उगाचच भलतं मनात आणतेस." आणि फोन काढून पद्माकरांना खुशखबर द्यायला त्या जिन्याकडे गेल्या. त्यांच्या जगात पुरेसं अज्ञान होतं, ते त्यांना जन्मभर पुरलं असतं. वसुमतीला त्यांचा राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडा हेवाही वाटला.

डबा बाकावरच राहिला होता. त्रिविक्रमराव त्यातले पेढे खात होते. एक संपला की दुसरा, घाई नाही, खंड नाही. चार झाले. वसुमती त्यांच्या शेजारी बसली. तिने एक पेढा उचलून चावला. खवा जुना होता, वर साखर भुरभुरून टाकलेली, आणि वेलदोड्याच्या नावाने नुसती सालं.

"किती गुण?" तिने विचारलं.

"दहा."

"मी दोन म्हणते." ती थांबली. त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. नियमात बसत नाही, एवढे तीन शब्द तिला हवे होते. ते म्हणाले असते तर त्या दोन गुणांवरून ती इथे, या हॉस्पिटलच्या बाकावर, संध्याकाळपर्यंत भांडली असती.

"बरं, दोन," त्रिविक्रमराव म्हणाले.

"नाही, तीन."

"तीन."

"साडेचार द्यावेत का?"

"साडेचार," ते हसून म्हणाले आणि त्यांनी पाचवा पेढा घेतला.

वसुमतीने पाच म्हणून पाहिलं, सहा म्हणून पाहिलं, शून्य म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते हो म्हणाले. मग तिने पदराने त्यांच्या ओठाला लागलेला खवा पुसला, आणि एवढ्या सगळ्या लोकांत, कुणाला काय वाटेल याची पर्वा न करता, ती मोठ्याने रडली. त्रिविक्रमरावांनी डब्यातला शेवटचा पेढा तिच्यापुढे धरला. "घे की," ते म्हणाले. "छान आहे."